उजवा कान

मामंजींच्या उजव्या कानाला त्यांच्याखेरीज कुणी हात लावायचा नाही, हा काशीतल्या आमच्या घराचा नियम मला लग्न होऊन आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशीच कळला. मामंजी म्हणजे माझे सासरे. ऋग्वेदी, दशग्रंथी, मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीतल्या एका पाठशाळेचे गुरुजी. नियमाला कारणं दोन होती. एक शास्त्रातलं. ब्राह्मणाच्या उजव्या कानात गंगा राहते. शिंक आली, थुंकलं, आणि आचमनाला पाणी हाताशी नसलं, तर त्या कानाला बोट लावलं की भागतं. दुसरं कारण शास्त्रातलं नव्हतं आणि ते घरात कुणी बोलत नसे. मामंजी पाच वर्षांचे असताना त्यांच्या आईनं स्वतःच्या अंबाड्यातला आकडा काढून त्यांच्या डाव्या कानातला मळ कोरला. मायेनंच कोरला. कान फुटला, महिनाभर वाहत राहिला, आणि त्या कानानं ऐकू येणं कायमचं गेलं. म्हणजे या माणसाकडे चालता कान एकच, आणि त्यात पुन्हा गंगा. कोण हात लावणार?

मी वाईकडची. वडील वैद्यकी करत, त्यामुळे कान, नाक, जीभ हे विषय आमच्याकडे जेवतानासुद्धा निघत. सासरी जाताना आई म्हणाली होती, जीभ आवरून राहा. मी प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू? पण सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या, घरात बाईमाणूस मी एकटी, आणि माझे यजमान कलेक्टरच्या कचेरीत दिवसभर नकला उतरवत बसायचे. बोलायचं कुणाशी? मग मी कानानंच राहू लागले. पाठशाळा आणि आमचं बिऱ्हाड एकाच घरात होतं. पुढच्या ओसरीत संथा चालायची, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक जाळीची भिंत. सकाळपासून विद्यार्थ्यांचं म्हणणं माझ्या चुलीपर्यंत येई.

ते घर आमचं नव्हतं. रामनगरला एक श्रीमंत दक्षिणी गृहस्थ राहत. आम्हा मराठी माणसांना काशीत दक्षिणीच म्हणतात. पाठशाळा त्यांची, घर त्यांचं, शिधा त्यांचा. गुरुजी गादीवर असेतोवर खोल्या आमच्या. गादी गेली की आम्ही गल्लीत. मामंजींचं वय साठीपार. त्या वयात त्यांना दुसरं काय येत होतं? शिकवणं. आणि शिकवणं म्हणजे तरी काय, दुसऱ्याचं ऐकणं. विद्यार्थ्यानं म्हणायचं, यांनी ऐकायचं, एक स्वर हलला की तिथंच थांबवायचं.

ते बिघडलं कार्तिकस्नानात. रोज पहाटे अंधारात गंगेत बुड्या मारायच्या. एके दिवशी मामंजी बुडी मारून वर आले आणि उजवा कान बंद. पाणी गेलं असेल म्हणून पायरीवर एका पायावर उभं राहून, मान कलती करून त्यांनी उड्या मारल्या. कान उघडला नाही. तेव्हा त्यांनी जे केलं ते आमच्यासारख्यांच्याच घरात होऊ शकतं. गंगेच्या कानाला गंगाच औषध, असं मनाशी ठरवून त्यांनी बुड्या वाढवल्या. तीनाच्या अकरा झाल्या, अकराच्या एकवीस. वर हातात पाणी घेऊन कानात सोडायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. माझे वडील म्हणत, कानातल्या मळाला पाणी पाजू नये, फुगतो मेला; पाजायचं तर तेल पाजावं. पण मला तेव्हा हे सगळं कुठं ठाऊक होतं? मामंजींनी कुणाला सांगितलंच नव्हतं.

मला कळलं ते स्वयंपाकघरातून. त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी विशीतला, कोकणातून आलेला, बापाविना वाढलेला मुलगा होता. संहिता संपवून तो पुढच्या पाठाला लागला होता. एका ठिकाणी आवाज खाली यायला हवा, तिथे तो सरळच निघून गेला. मी पोळी लाटत थांबले, आता मामंजी थांबवतील म्हणून. मामंजी म्हणाले, बरोबर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी जाळीला डोळा लावला. ऋग्वेद म्हणताना मान हलते, स्वर खाली गेला की मान खाली, वर गेला की वर. मुलाची मान बरोबर हलत होती, तोंडातून मात्र चुकीचं येत होतं. आणि मामंजी त्याच्या तोंडाकडे नव्हे, मानेकडे पाहत होते. 

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. हे उसळलेच. तुला वेदातलं काय कळतं, बायकांनी तिकडे कान देऊ नये, पाप लागतं. मी म्हटलं, अर्थ नसेल कळत, पण सहा वर्षं तीच आमटी खाल्ल्यावर मीठ कमी पडलं तर कळतं की नाही? तर म्हणे गप्प बैस. मी गप्प बसले. ह्यांनीच गप्प केलं, मग मी काय करणार, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत असे.

पौष गेला, माघ गेला. आम्ही दोघं मामंजींशी ओरडून बोलायला लागलो आणि तसं बोलतोय हे एकमेकांना कळू द्यायचं टाळू लागलो. पण काशीत झाकून काय राहतं? घाटावर कुणी तीनदा हाक मारली आणि मामंजींनी वळून पाहिलं नाही, एवढं पुरतं. फाल्गुनात रामनगरचे गृहस्थ स्वतः पाठशाळेत आले, मामंजींच्या उजव्या हाताला बसून काही विचारू लागले. मामंजी समोर पाहत बसले. गृहस्थांनी पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारलं नाही. नमस्कार करून निघून गेले. आठ दिवसांनी निरोप आला. चैत्रात त्यांच्या रामनगरच्या वाडीत वसंतपूजा आहे, वैदिक जमतील, गुरुजींनी दुसऱ्या पाठशाळेच्या वैदिकांबरोबर आळीपाळीनं म्हणायचं आहे. एकानं अर्धं म्हणायचं, दुसऱ्यानं नेमकं तिथून उचलायचं. ऐकू येत नसेल तर पहिल्याच उचलीला तोंडघशी. सगळं ठरवूनच केलेलं होतं.

त्या दिवसापासून मामंजींचं जेवण तुटलं. दुपारी ते डाव्या कुशीवर निजत. एका दुपारी मी ताक ठेवायला गेले. खिडकीतलं ऊन नेमकं त्यांच्या उजव्या कानावर पडलं होतं. मी वाकून पाहिलं. आत काळाकुट्ट, चिकट बोळा, भोक पार बुजलेलं. बहिरेपण नव्हतं हो ते, मळ होता नुसता! माझा हात आपोआप अंबाड्याकडे गेला आणि आकडा बोटात आला. एक झटका, निघेल, कुणाला कळणारही नाही.  मग मामंजींच्या आईचा आकडा आठवला. आकडा मी मागं खोवला आणि बाहेर आले.

आता हे त्यांना सांगायचं कसं? सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे, ते एक. आणि बोलायचं तर ओरडून बोलावं लागणार, म्हणजे ओसरीभर विद्यार्थी ऐकणार. मी एका विद्यार्थ्याची पाटी उचलली. माहेरी चार इयत्ता झाल्या होत्या. पाटीवर लिहिलं, ‘कानात मळ आहे. बहिरेपण नाही.’ ताटाशेजारी पाटी ठेवली आणि दाराआड उभी राहिले. मामंजींनी वाचलं. भाताचा हात धुतला, पुसला, पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, ‘उजवा आहे.’ मी दाराआडून हात घालून पाटी ओढली आणि लिहिलं, ‘म्हणूनच.’  मामंजींनी ती ओल्या तळव्यानं पुसली आणि उठून गेले. मला वाटलं, संपलं. रात्री मात्र त्यांच्या अंथरुणाशी तिळाच्या तेलाची वाटी ठेवलेली दिसली, त्यांनीच आणून ठेवलेली.

ह्यांना कळलं तेव्हा ह्यांनी सरकारी दवाखान्याचं काढलं. तिथला गोरा डॉक्टर पिचकारीनं कान धुतो म्हणे. मी म्हटलं, दवाखान्याच्या दारात निम्मी काशी बसलेली असते, तुमचे वडील आत शिरले की बाहेर यायच्या आत बातमी रामनगरला.  मग ह्यांनीच घाटावरचा एक माणूस सुचवला, त्याबद्दल मी ह्यांना आजही दोष देणार नाही. दशाश्वमेधावर छत्रीखाली एक म्हातारा कनमैलिया बसायचा. लाल पागोटं, त्यात खोचलेल्या पितळी सळया, कान साफ करायचं वंशपरंपरेचं काम. मुसलमान होता. मी स्नानाहून येताना डोईवर पदर ओढून त्याच्यापाशी थांबले, आणि हे चार पायऱ्या वर उभे राहिले, कुणी ओळखीचं येतंय का बघत.

त्यानं मलाच उलट विचारलं. दुखतं का, वाहतं का, पूर्वी कधी फुटला होता का, पाणी घालतात का. पाणी घालतात म्हटल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. “मैल है बहूजी, और कुछ नहीं. पाँच दिन तेल डालो, पानी एक बूँद नहीं. सूखे में मैं हाथ नहीं लगाऊँगा.” आणि ऊन पाहिजे म्हणाला, भरपूर ऊन; अंधाऱ्या घरात सळई घालणारा तो आंधळाच, असं काहीसं बोलला. गल्लीत त्याला आणणं शक्य नव्हतं. घाटावर मामंजींना बसवणं तर त्याहून नाही. शेवटी ठरलं, वसंतपूजेच्या दिवशीच सकाळी पलीकडच्या रेतीवर त्यानं थांबायचं. विद्यार्थी पुढच्या नावेनं जातील, आम्ही तिघं मागून.

पाच दिवस मी कोमट तेलाचे थेंब सोडले. आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघायचे, मग त्यांच्या कानात. पहिल्या दिवशी ते इतके आखडून निजले होते की बाजेची सुंभं करकरली. तेलानं मळ आणखी फुगतो सुरुवातीला. दुसऱ्या दिवशी जे थोडंफार ऐकू येत होतं तेही गेलं. त्यांनी पाटी मागितली. ‘काहीच नाही आता’ असं लिहून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं मी रात्रभर झोपले नाही. आपण यांचा उरलेला कान घालवला तर? जीव द्यायला गंगा जवळ होती, एवढं मात्र मनात येऊन गेलं. त्यात घाटावर बोभाटा. गुरुजी बुडी मारत नाहीत, तांब्यानं खांद्यावरून पाणी घेतात, कानात कापूस घालतात. मुलं एकमेकांना खुणा करत.

वसंतपूजेच्या सकाळी मुन्शी घाटावरून नाव सुटली.  रेतीवर तो म्हातारा उकिडवा बसला होता. त्यानं मामंजींचा कान सूर्याकडे येईल असं त्यांना बसवलं, कान धरून वर आणि मागं ओढला, आत पाहिलं. मग मला म्हणाला, डोकं पकडा. हे दोन पावलं मागं सरले होते, म्हणून मला. सासऱ्याचं डोकं मी दोन्ही हातांत धरलं. मामंजी जप करत होते, ओठ हलत होते. म्हाताऱ्यानं सळई मागं घेतली. जबडा हलला की कान हलतो, म्हणाला, देवाचं नाव नंतर घ्या. हे त्यांना कसं सांगायचं? मी माझा अंगठा त्यांच्या ओठांवर ठेवला. जप थांबला. 

सळई आत गेली. म्हातारा श्वास घेत नव्हता, मीही नव्हते. त्यानं कडेकडेनं सोडवलं, सळई बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली. एकदा मामंजींचं सगळं अंग ताठ झालं आणि हे “बस, बस” म्हणाले. म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. चिमट्यानं धरून त्यानं हळूच ओढलं, आणि मनुक्याएवढा काळा बोळा त्याच्या तळहातावर आला. रक्ताचा टिपूस नाही. हे पुढे झुकून ओरडले, “ऐकू येतंय का?”

मामंजींनी चेहरा वेडावाकडा केला. “ओरडतोस कशाला?” आणि मग माझ्या हातांकडे पाहून म्हणाले, “बांगड्या वाजतायत.”

मी तिथंच रेतीवर बसून रडले. म्हातारा सळया पुसत होता. मामंजींनी त्याला हात जोडले, आणि त्यानं गडबडीनं उठून त्यांचे जोडलेले हात खाली केले.

वाडीत आम्ही बायका बांबूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्यामागे बसलो होतो. मामंजी आणि समोरचे वैदिक यांनी सुरू केलं. पहिली उचल. मी पदराचं टोक दातांत धरलं. मामंजींनी अचूक उचललं. दुसरी, तिसरी, मग वेग वाढत गेला आणि दोघांत कोण कुठं थांबतोय हेही कळेना. रामनगरचे गृहस्थ आधी भिंतीला टेकून बसले होते, ते सरसावून बसले. संपल्यावर त्यांनी स्वतः उठून शाल घातली, सगळ्यांदेखत म्हणाले, गुरुजी आहेत तोवर पाठशाळेची चिंता नाही. शेजारची बाई मला म्हणाली, तुमच्या सासऱ्यांना म्हणे ऐकू येत नाही? मी म्हटलं, लोकांना दुसरे धंदे नाहीत.

आणि मग गृहस्थ म्हणाले, आता तुमच्या विद्यार्थ्याचं होऊ द्या. तो कोकणातला मुलगा पुढे आला. त्यालाही कोकणात गावी परत जाऊन शिकवायला बसायचं होतं, आज इथून शिफारस मिळणार होती. त्यानं म्हणायला सुरुवात केली आणि मला एकदम आठवलं. ते ठिकाण येणार होतं. पाच महिने रोज ऐकलेलं, झोपेतसुद्धा सांगितलं असतं. इतकं सगळं करून कान उघडून दिला, आणि आता मी काय मागितलं असेल देवाजवळ? देवा, एवढ्यापुरता तो कान बंद कर. एक क्षणभर. मी खरंच मागितलं, हात जोडून मागितलं.

ठिकाण आलं. आवाज खाली यायचा तो सरळ निघून गेला. समोरच्या वैदिकांनी नजर खाली घातली. सभ्य माणूस, बोलले नसते. गृहस्थांना काही कळलं नाही. मामंजींचा हात वर गेला.

मुलगा थांबला. मामंजींनी ती जागा म्हणून दाखवली. मुलगा गोंधळला, खोटं बोलायचं त्याच्या मनातही आलं नसणार. “गुरुजी, मी कार्तिकापासून असंच म्हणतोय,” तो म्हणाला. “तुम्ही ‘बरोबर’ म्हणत होतात.”

 गृहस्थ हसून म्हणाले, असू द्या, एका स्वराचं काय एवढं. मामंजींनी शाल खांद्यावरून काढली, घडी केली आणि समोर ठेवली. “चूक त्याची नाही,” ते म्हणाले. “मला पाच महिने ऐकू येत नव्हतं. मी ‘बरोबर’ म्हणत होतो. अशा माणसानं गादीवर बसू नये.” गृहस्थ अडवायला उठले खरे, पण पुन्हा शाल घातली नाही.

मला असा राग आला म्हणता! ह्या माणसासाठी मी आकडा हातात घेतला, पाटी लिहिली, घाटावर परक्या माणसाशी बोलले, आणि याला एक क्षण गप्प बसवेना? परत येताना नावेत मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. हे वल्ह्याकडे बघत होते. ऊन उतरलं होतं. अर्ध्या नदीत मामंजी माझ्याशी बोलले, सहा वर्षांत पहिल्यांदा, थेट हाक मारून.

“सूनबाई, तुला ती चूक ऐकू येत होती?”

मी वळले. खोटं बोलता आलं असतं. “हो.”

“कार्तिकापासून?”

“हो.”

“मग पाटीवर कान लिहिलास, चूक का नाही लिहिलीस?”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी गप्प केलं म्हणून, असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण ते खरं नव्हतं. “खोल्या जातील म्हणून,” मी म्हटलं.

मामंजींनी मान हलवली.  “मीही म्हणूनच ‘बरोबर’ म्हणत होतो,” ते म्हणाले.

वैशाखात आम्ही खोल्या सोडल्या आणि दोन गल्ल्या पलीकडे एका अंधाऱ्या तळघरवजा जागेत गेलो. तो मुलगा कोकणात गेला नाही, आमच्याबरोबर आला. पहिल्या सकाळी मामंजींनी त्याला अगदी पहिल्यापासून बसवलं, आणि मला सांगितलं की स्वयंपाकघराचं दार उघडं ठेव.